बाकावरची बाई

१

दुपारी अडीचला ढमी झोपायची आणि घरातला एक तास तिच्या आईच्या मालकीचा व्हायचा. त्या तासाची ती सकाळपासून वाट पाहायची आणि वाट पाहते म्हणून सकाळपासूनच मनातल्या मनात माफीही मागायची. कुणाची, ते ठरलेलं नव्हतं. ढमीची, नवऱ्याची, किंवा कपाटातल्या त्या जाडजूड बालसंगोपनाच्या पुस्तकाची, ज्यातल्या सगळ्या आया धुतल्या केसांनी हसत होत्या.

मागची खोली पोस्टरांची. रेल्वे, बोटी, बसगाड्या, सुरुवातीची विमानं. प्रवास कंपन्यांनी कधीकाळी स्टेशनांवर आणि धक्क्यांवर चिकटवायला छापलेली चित्रं. ती फाटकी, डागाळलेली पोस्टरं मिळवायची, मोठ्या पसरट ट्रेमध्ये पाण्यात भिजवून मागचा जुना गोंद सोडवायची आणि चौकटीवर ताणलेल्या सुती कापडावर पातळ खळीने ती चढवायची. कागद गेला असेल तिथे जलरंग भरायचा. कागद गेलाय तिथेच. छापलेल्याला ब्रश लावायचा नाही आणि मुळात नव्हतं ते आणायचं नाही. जमवणाऱ्यांच्या जगात याहून मोठं पाप नाही.

"आपण भिंतीवरून इतके हिंडलोय," नवरा पाहुण्यांना सांगायचा, "की खरंच कुठे जायची गरजच उरली नाही. आमची स्टेशनमास्तरीण घरीच शिट्टी वाजवते."

त्या दिवशी सव्वातीनला फोन वाजला. जुन्या चीजवस्तूंचा दुकानदार. गळ्यात कायम भिंग लटकलेलं, म्हणून ती त्यांना भिंगवाले काका म्हणायची.

"बाई, आलंय. तुमचं ते बाकवालं."

सहा वर्षं ती ते पोस्टर शोधत होती. संग्राहकांच्या सूचीपुस्तकात त्याचा फोटो होता, बोटभर. धुक्यातला फलाट, उभी गाडी, एका डब्याचं दार उघडं. आणि फलाटावरच्या बाकावर हिरव्या कोटातली एक बाई, आपल्याकडे पाठ करून बसलेली, शेजारी एक पिशवी.

"कोटाची वीण मोजून घ्या, असं छापलंय. आत्ता माझ्यासमोर आहे. पण चारला दुसरं गिऱ्हाईक येतंय, मग मला बोल लावू नका."

दुकान दोन वळणांवर. जाऊन-येऊन दहा मिनिटं. ढमी पालथी झोपली होती, अनवाणी, एक पाय कॉटच्या कठड्यातून बाहेर. पिवळे मोजे तिने नेहमीप्रमाणे झोपायच्या आधीच ओढून काढले होते. दोन्ही उशाशी पडले होते.

ती मुळात गॅस दोनदा तपासणारी. ढमी झाल्यापासून चारदा. त्या दिवशीही चारदा तपासला, खिडक्यांच्या कड्या पाहिल्या, बादलीतलं पाणी ओतून दिलं. आणि जिच्यासाठी हे सगळं तपासायचं, तिला तशीच झोपलेली ठेवून तिने बाहेरून कुलूप लावलं.

जिना उतरताना तिला थोरली बहीण आठवली. ताई एकदा पोराला टीव्हीपुढे बसवून खाली भाजी आणायला गेली होती, तेव्हा हिनेच फोनवर म्हटलं होतं, "मला तर कल्पनाही करवत नाही गं." हे वाक्य आठवल्यावर ती परत फिरली नाही. भरभर चालू लागली.

२

काकांनी टेबलावरचा पसारा कोपराने सरकवला आणि पोस्टर उलगडून चार कोपऱ्यांवर चार वजनं ठेवली.

फलाट होता. धुकं होतं. गाडी होती, उघडं दारही होतं. वर कमानीसारखी अक्षरं: या. अजून वेळ आहे. बाक होता.

बाकावर पिशवी होती. बाई नव्हती.

"काका, बाई कुठाय?"

"कोण बाई? अहो, ही काय..." काकांनी भिंग डोळ्याला लावलं. मग भिंग पुसलं. मग चष्मा पुसला. "सकाळी होती की. मी बायकोला दाखवली. ती म्हणाली, हिचा कोट मला घ्या."

"फोनवर म्हणालात, आत्ता समोर आहे."

"होती म्हणून म्हणालो ना! मी काय बाकावरून उठवून लावली तिला?"

तिने वाकून पाहिलं. खाडाखोड नव्हती, खरवडलेलं नव्हतं. बाकाच्या लाकडी पट्ट्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सलग छापलेल्या होत्या. मग तिच्या डोक्यात जे आलं ते संग्राहकाच्याच डोक्यात येतं: हा वेगळा छाप असणार. अशी चित्रं दगडांवरून छापत, एकेका रंगाला एक दगड; ही बाईचा कोट दगडावर चढवण्याआधी काढलेली चाचणी-प्रत. जगात दोन असतील, नाहीतर एकच. तोंडावर मात्र तिने नाराजी आणली.

"बाई नाही म्हणजे निम्मं चित्रच नाही," ती म्हणाली.

मग घासाघीस झाली. मग काकांना पुठ्ठ्याची नळी सापडेना. मग ती सापडली तर झाकण सापडेना. मग त्यांनी बोटीचं एक पोस्टर दाखवलं, तेही तिने पाहिलं. पाहताना ढमी डोक्यात नव्हती. हे तिला पुढे राहून राहून आठवलं. दुकानात भिंतीवर घड्याळ होतं. तिने एकदाही वर पाहिलं नाही.

पाहिलं तेव्हा चार वाजून गेले होते.

३

जिन्यात रडण्याचा आवाज नव्हता. आधी बरं वाटलं, मग ती दोन-दोन पायऱ्या चढू लागली. कुलूप उघडताना किल्ली दोनदा हातातून पडली.

ढमी कॉटमध्ये बसली होती. जागी. गालांवर वाळलेले ओघळ होते, पण चेहरा शांत होता. केस एका बाजूला नीट बसवलेले. आईला पाहून तिने हात वर केले नाहीत. एरवी नुसती चाहूल लागली तरी दोन्ही हात छताला लावायची पोरगी. आता तिने आईच्या मागे, दाराकडे पाहिलं, मग खाली स्वतःच्या पायांकडे.

पायात बूट होते.

ते बूट दाराजवळच्या फळीवर असत. दोन्हीच्या नाड्या दुहेरी फासाने बांधलेल्या, लहान, घट्ट, एकसारख्या. ती स्वतः नाड्या नुसत्या कोंबायची. दुहेरी फास तिला येतच नव्हता.

उशाशी एकच मोजा होता.

तिने कॉटखाली पाहिलं, गादी उचलली, कपाट हलवलं. मग जमिनीवर बसली आणि स्वतःला समजावू लागली, कारण त्या कामात तिचा हात बसलेला होता. बूट मीच घातले असणार. सकाळी बाहेर जायचं म्हणून घातले, मग गेलो नाही. चौदा महिने धड झोप नाही. गेल्या आठवड्यात मोबाईल फ्रिजमध्ये सापडला होता. अशा बाईला अनवाणी पाय नक्की आठवतो कशावरून?

तो कठड्याबाहेर आलेला पाय मात्र डोळ्यांपुढून हलेना.

संध्याकाळी नवरा आला. "काय केलं आज आमच्या ढमाबाईंनी?"

"झोपली. उठली," ती म्हणाली. "नेहमीचंच."

४

खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या काकू राहायच्या. तोंडात टाचण्या धरूनही अस्खलित बोलायच्या. दुसऱ्या दिवशी जिन्यात त्यांनीच गाठलं.

"काल काय झालं होतं गं लेकीला? केवढी रडली! मी मशीन थांबवलं. म्हटलं, वर जावं का?"

"कधी?" तिने विचारलं.

"साडेतीनला असेल. टाहो फोडला होता नुसता. मग घेतलंस तू तिला, तेव्हा राहिली." काकू हसल्या. "आवाज गोड आहे हं तुझा. इतके दिवस राहतेस, कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं. काय ते गाणं? माझंही काम होईना, ऐकतच बसले."

ती एक पायरी वर चढली.

"फक्त एक सांगू? राग मानू नकोस. घरात टाचांच्या चपला घालून फिरत जाऊ नकोस बाई. इकडून तिकडे, तिकडून इकडे, माझ्या डोक्यावर टक टक टक टक."

त्या क्षणी तिला एकच वाक्य बोलायचं होतं: काकू, मी घरात नव्हते. त्यानंतर धावत वर जायचं होतं, नवऱ्याला फोन करायचा होता, कुलूप बदलायचं होतं. पण त्या वाक्याच्या पुढे काकूंचा चेहरा उभा होता. अगं, म्हणजे एकटीच होती ती? आणि त्याच्यामागे नवऱ्याचा, ताईचा, पुस्तकातल्या सगळ्या हसऱ्या आयांचा.

"हो," ती म्हणाली. "दात येतायत ना. म्हणून फिरवत होते. चपला काढायच्या राहिल्या."

"चालायचंच," काकू म्हणाल्या. "आई आहेस. जमवलंस ना? झालं तर."

आणि खरं सांगायचं तर, त्या शाबासकीने तिला क्षणभर बरं वाटलं. जी शाबासकी तिची नव्हती तिने. वर येऊन तिने नळ सोडला आणि बराच वेळ तोंड धूत राहिली.

५

चार दिवस पोस्टरच्या नळीला हात लावला नाही. पाचव्या दुपारी ढमीची कॉट ओढत मागच्या खोलीत आणली, नजरेसमोर ठेवली आणि पोस्टर उलगडलं.

बाकावर बाई बसली होती.

हिरवा कोट. डोक्याला रुमाल. पाठ आपल्याकडे. सूचीपुस्तकात होती तशीच.

तिने फोन लावला. "काका, ती बाई..."

"दिसली ना?" काका खूश झाले. "अहो, मी म्हटलं नव्हतं? दुकानातला दिवाच मेला मंद. मी बायकोला सांगितलं, माझे डोळे गेले. ती म्हणते, डोळे कधीचे गेलेत, तुम्हाला आज कळलं. पण बाई, घासाघीस मात्र तुम्ही बाकावर बाई नाही म्हणूनच केलीत हं! आता ती आली, तर पुढच्या खेपेला लक्षात ठेवा."

दिवा मंद होता. पटण्यासारखं होतं. दोघांचे डोळे एकाच वेळी, एकाच जागी चुकले, एवढंच पटवून घ्यायचं बाकी होतं. बाकाच्या सलग पट्ट्या तिला स्वच्छ आठवत होत्या. पण तिला तो अनवाणी पायही स्वच्छ आठवत होता, आणि त्यावरचा हक्क तिने सोडून दिला होता.

काम हातांना येत होतं, म्हणून केलं. कागद भिजवला, गोंद सोडवला, खळ लावली, कापडावर चढवून हवेचे फुगे मऊ ब्रशने कडेला नेले. चित्राच्या त्या भागावरून ब्रश नेताना तिने श्वास धरला होता. का, ते स्वतःला विचारलं नाही.

दोन दिवसांनी कागद सुकला. भिंग लावून ती इंच इंच तपासू लागली. शिळाछापाचा खडबडीत ठिपका सगळीकडे सारखा; धुक्यात राखाडी, गाडीवर काळा, कोटावर हिरवा. बाईची एक मूठ कोटाच्या बाहीतून मांडीच्या कडेला दिसत होती. सूचीपुस्तकातल्या फोटोत ती मूठ रिकामी होती. ते तिने तीनदा पाहिलं.

इथे मुठीत काहीतरी होतं. चिमूटभर. पिवळं.

या चित्रात पिवळा रंग कुठेच नव्हता. पाच रंगांचं छापकाम. राखाडी, काळा, हिरवा, तपकिरी आणि अक्षरांचा लाल. पिवळ्याचा दगडच नव्हता.

कॉटमध्ये ढमी उठून उभी होती, कठडा धरून. चित्राकडे पाहत गुणगुणत होती. शब्द नव्हते; चालीतली एक वळणाची जागा होती, वर जाऊन थांबणारी. थांबल्यावर पुढचं कुणीतरी म्हणावं, अशी ती वाट पाहत होती.

"ढमे," ती म्हणाली. "इकडे बघ. आई."

ढमीने पाहिलं, अगदी भल्या माणसासारखं. मग पुन्हा चित्राकडे वळली.

६

"हे गाणं कुठून शिकवलंस हिला?" रात्रीच्या जेवणाच्या वेळी नवऱ्याने विचारलं. "छान आहे. मी घेतलं तरी हेच चालू. शेवटी थांबते आणि माझ्या तोंडाकडे बघते. पुढचं काय आहे?"

सांगायची ही दुसरी संधी होती. तो चांगला माणूस होता, ओरडला नसता. ओरडला असता तर सोपं गेलं असतं. तो फक्त घास हातात धरून थांबला असता आणि त्यानंतर आयुष्यभर घरातून निघताना, काहीही न बोलता, एकदा मागे वळून पाहिलं असतं.

"मलाही पुढचं येत नाही," ती म्हणाली. "असंच काहीतरी गुणगुणते मी."

"तूच ना?" तो सहज म्हणाला, ताटात पाहत.

"मग कोण?"

ते बोलल्याबरोबर मागच्या खोलीत लाकूड कुरकुरलं. जुना बाक वजन उतरल्यावर कुरकुरतो, तसं.

"चौकट ताणतेय," तिने लगेच सांगितलं. त्याने विचारलंही नव्हतं.

कॉट तिने संध्याकाळीच पुढच्या खोलीत परत ओढली होती. झोपण्याआधी ती ढमीला घ्यायला गेली. ढमी कॉटमध्ये शहाण्यासारखी बसली होती. पाय पुढे, सरळ. बूट घालून.

दुहेरी फास सुटता सुटेना. शेवटी तिने कात्रीने नाड्या कापल्या. कापताना ढमी पहिल्यांदाच, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच, मोठ्याने रडली. आईला ढकलत, दाराकडे हात करून.

अंथरुणावर पडल्या पडल्या तिने सगळी उजळणी केली. काकूंना हो म्हणाले. नवऱ्याला हो म्हणाले. कुणीतरी माझ्या लेकीला उचललं, फिरवलं, शांत केलं, आणि दोनदा विचारल्यावर दोन्हीदा मी म्हणाले, ती मीच. आता त्या बाईने ते खरं मानलं तर चूक कुणाची?

७

दुसऱ्या दिवशी नवरा कामावर गेला. दुपारी ढमीला तिने झोपवलंच नाही. कडेवर घेतलं, अनवाणी. मागच्या खोलीचं दार लावलेलं होतं. तिकडे पाहायचं नाही असं ठरवलं, आणि दाराच्या फटीतून पाहिलं.

फलाट. धुकं. उघडं दार. बाक.

पिशवीसुद्धा नव्हती.

तिने गॅस तपासला नाही. बाहेर पडून कुलूप लावलं, ओढून पाहिलं, किल्ली मुठीत धरली आणि खाली गेली. नवऱ्याला संध्याकाळी सांगायचं होतंच. त्याआधी निदान एकदा कुणापुढे तरी तोंड उघडून पाहावं.

"ये गं," काकू मशीनवरून म्हणाल्या. "पोरीला बूट नाहीत ते? गार आहे फरशी."

"काकू, मला एक सांगायचंय. मशीन थांबवता?"

चाक थांबलं. काकूंनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या.

"त्या दिवशी मी घरात नव्हते," ती म्हणाली. "ढमी रडली त्या दिवशी. मी एका पोस्टरसाठी गेले होते. तिला झोपलेली ठेवून. दहा मिनिटं म्हणून गेले, चाळीस लागली. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोलले."

लाज वाटेल हे ठाऊक होतं. ती अशी पायांपासून वर चढेल हे ठाऊक नव्हतं. काकूंच्या चेहऱ्यावर राग आला नाही, कीवही आली नाही. त्या नुसत्या हिशेब जुळवत राहिल्या, आणि तो जुळत नव्हता.

"एकटी होती?"

"हो."

"अगं, पण मी ऐकलं ना. गाणं म्हणत होती. तू..."

टक.

दोघींनी वर पाहिलं.

टक, टक, टक. वरच्या मागच्या खोलीतून पुढच्या खोलीत. कॉटपाशी आवाज थांबला. बराच वेळ थांबला, एखादी रिकामी गादी चाचपून पाहायला लागतो तेवढा. मग पावलं वळली. आता घाई होती त्यांना.

"मग ही कोण?" काकू कुजबुजल्या.

ढमीने कडेवरून दोन्ही हात वर केले. सरळ, छताकडे, बोटं पसरून. किती दिवसांनी. तिच्या अंगाचा सगळा भार आईच्या हातातून वर ओढ घेत होता.

वरचं कुलूप निघाल्याचा आवाज आला नाही. किल्ली तिच्या मुठीत रुतत होती. पण पावलं जिन्यात आली. एक एक पायरी, उतरत. काकूंचं दार अर्धवट लोटलेलं होतं. त्या फटीतून तिला जिन्याचं वळण दिसलं, आणि वळणावर, क्षणभर, ओल्या धुक्यासारखा वास आणि हिरव्या कोटाची कड. कोटाखाली टाच. टाचेपाशी खाली टेकलेली पिशवी, आणि पिशवीतून डोकावणारे लहान बूट, नव्या नाड्यांचे.

मग दारावर थाप पडली. हलकी, दोनदा. शेजारी सोडलेलं आपलं मूल न्यायला आलेली बाई वाजवते तशी. जरा ओशाळलेली, उशीर झाला म्हणून.

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. काय करू, असं नव्हतं त्या पाहण्यात. तुमच्यापैकी कोण, असं होतं.

तिने ढमीला छातीशी आवळलं. काय बोलायचं ते तिला माहीत होतं. चारच शब्द होते आणि चारही खरे होते.

"मी तिची आई आहे," ती दाराकडे पाहून म्हणाली.

आवाज तिचाच होता. जिन्यात काकूंना हो म्हणताना जो निघाला होता, अगदी तोच.

ढमीने मान वळवून एकदा तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग दाराकडे हात केले.